चौऱ्याण्णव टक्क्यांवर अडलेलं लग्न

आमच्या आणि तायडेकाकांच्या घरामध्ये कमरेएवढी कंपाउंडची भिंत आहे. या भिंतीवरून आजवर कढी, कोथिंबीर, इस्त्री, त्यांचं मांजर आणि एकदा तर अख्खी शिडी इकडून तिकडे गेली आहे. पण कॉलनीच्या स्नेहसंमेलनाचं शूटिंग मला द्यायची वेळ आली, तेव्हा काका भिंतीशी आले नाहीत. त्यांनी फोन केला.

"बेबी, कॉम्प्युटर चालू कर. फाईल पाठवून राह्यलो."

"काका, पेनड्राईव्ह द्या ना भिंतीवरून."

"काऊन? लाईन मेली का?"

मग पाऊण तास ते त्यांच्या टेबलाशी आणि मी माझ्या. दोन्ही खिडक्या उघड्या. "किती झालं?" "तीस टक्के." "इकडं बी तीस!" असा आमचा फोनवर संवाद चाललेला. काकांचा आवाज आधी खिडकीतून यायचा आणि मग तोच फोनमधून. शेवटी शंभर टक्के झाले तेव्हा काका भिंतीशी आले, हात पुसत म्हणाले, "पाह्य, घरून घरी. मधात कोनी नाही."

मी आता पन्नाशीला आले. बुलढाण्यातच शाळेत विज्ञान शिकवते, मुलं मला वचकून असतात. पण काकांनी मला बेबी म्हणायला सुरुवात केली तेव्हा मी सहावीत होते आणि मध्यंतरी काही बदललं आहे असं त्यांना वाटत नाही.

'मधात कोनी नको' हे त्यांचं पालुपद. दूध आणायला ते रोज गोठ्यावर जातात आणि म्हशीसमोर उभे राहून घेतात. दवाखान्यात कंपाउंडरनं "काय होतंय?" विचारलं तर तोंड मिटून बसतात, डॉक्टर आल्याशिवाय दुखणं सांगत नाहीत. फाइलींच्या बाबतीत तर ते फारच कडक. मोबाईलवरून व्हिडिओ पाठवला की तो बारीक होऊन जातो, हे त्यांना कळलं त्या दिवशी ते जेवले नव्हते म्हणे. "रस तो मधातला पिते आन चिपाड आपल्याले देते," असं ते मला सांगत होते. मी म्हटलं, मग इंटरनेटवर साठवून ठेवायची सोय असते, तिथे ठेवा, समोरचा उतरवून घेईल. त्यावर ते माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी त्यांना घर विकायला सांगितलं.

"म्हंजे आपला माल दुसऱ्याच्या गोदामात टाकाचा, आन त्यानं गोदामातून उचलाचा. गोदामवाला आपला कोन लागते?"

म्हणून त्यांनी कुठून तरी एक प्रोग्रॅम मिळवला होता. त्यात एका घरचा कॉम्प्युटर दुसऱ्या घरच्या कॉम्प्युटरला थेट गाठतो आणि फाईल त्याच्या हातात देतो. अट एवढीच, की दोन्हीकडे कॉम्प्युटर एकाच वेळी चालू हवा आणि दोन्हीकडे माणूस जागेवर हवा. शिवाय प्रत्येक घराच्या इंटरनेटला आकड्यांचा एक पत्ता असतो आणि राऊटर बंद होऊन चालू झाला की तो बदलतो. राऊटरला काका 'डब्बा' म्हणतात. "हे कसं घर हाय बे," असं ते त्या डब्यालाच विचारायचे, "रोज उठलं का गल्ली बदलते!" एकदा मी त्यांना खोडून काढायला म्हटलं, की मध्ये कंपनीच्या तारा तर असतातच ना. ते शांतपणे म्हणाले, "तार म्हंजे रस्ता. रस्त्याले मधात म्हनत नाही."

तारांबद्दल त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. काका टेलिफोन खात्यात लाईनमन म्हणून लागले आणि एक्स्चेंजमधून निवृत्त झाले. आमच्या कॉलनीतला पहिला फोन त्यांच्याकडे आला. काळा, जड, भरतकाम केलेल्या रुमालाखाली झाकलेला. सगळ्या कॉलनीचे फोन तिथे यायचे. पण काका निरोप घेत नसत. ते समोरच्याला "थांबा" म्हणायचे, रिसीव्हर बाजूला ठेवायचे आणि ज्याचा फोन त्याला बोलवायला धावत सुटायचे. माझ्या वडिलांना त्यांनी एकदा अर्धी दाढी झालेली असताना ओढत नेलं होतं. वडील चिडले, म्हणाले, निरोप घेतला असता तर काय बिघडलं असतं? "निरोपात मानसाचा आवाज नसते, गुरुजी," काका म्हणाले. त्या फोनवर माझ्या आत्याला मुलगा झाल्याचं वडिलांना आत्याच्याच तोंडून कळलं, तोंडाला साबण तसाच.

मला त्यांनी एकदा एक्स्चेंज दाखवायला नेलं होतं. मोठ्या खोलीत कपाटांच्या रांगा आणि आत नुसती टकटक. शंभर आज्या एकदम सुपारी कातरत बसल्यासारखं वाटलं मला. रोज सकाळी आठला गावोगावच्या लायनी तपासायच्या हे काकांचं काम. एकेका गावच्या एक्स्चेंजला फोन लावायचा, "आवाज येते का?" विचारायचं, तिकडून "येते" आलं की खूण करायची, पुढचं गाव. सुलतानपूर दहा सेकंदांत व्हायचं. वरवट बकाल मात्र काका सगळ्यात शेवटी ठेवायचे, कारण तिथे पुंडलिकराव होते.

पुंडलिक ढगे म्हणजे वरवटच्या एका खोलीच्या एक्स्चेंजचा एकटा राजा. काका इकडून "रामराम" म्हणायचे आणि पुंडलिकराव तिकडून "जयभीम". दोघांनी एकमेकांचा नमस्कार असा वाटून घेतला होता. मग लाईन तपासणं सुरू व्हायचं. त्यात पाऊसपाणी, कपाशी, साहेबाचा स्वभाव, पोरांची तोंडं येणं, सगळं तपासून व्हायचं. मी गेले त्या दिवशी काकांनी रिसीव्हर माझ्या कानाला लावला. पलीकडून खर्जातला आवाज आला, "कोन बोलून राह्यलं?" मी घाबरून "बेबी" म्हटलं. "बेबी, लाईन चांगली हाय," असं पुंडलिकरावांनी मला गंभीरपणे कळवलं.

असं पंधरा वर्षं रोज बोलून दोघे भेटले ते एकदाच, पुंडलिकरावांच्या मुलीच्या लग्नात. काकांना तेव्हा व्हिडिओ शूटिंगचा नाद लागला होता. "शूटिंग माह्याकडून आहेर," असं सांगून ते कॅमेरा खांद्यावर घेऊन वरवटला गेले. मांडवात दोनशे माणसं, पुंडलिक कुठला ते ओळखेना. तेवढ्यात कोणी तरी "अबे, पानी आना इकडं!" म्हणून ओरडलं आणि काकांनी त्या आवाजाकडे कॅमेरा वळवला. नंतरचे तीन तास ते कॅमेऱ्यामागेच होते. म्हणजे पुंडलिकरावांना त्यांनी पाहिलं तेही एका डोळ्यानं.

एक्स्चेंज बंद झालं, दोघे निवृत्त झाले, तारांचे खांबही गेले. वरवटला एका पावसाळ्यात नदीचं पाणी पुंडलिकरावांच्या घरात शिरलं, त्यात त्यांच्याकडची लग्नाची कॅसेट गेली. आणि दोन वर्षांपूर्वी सुभद्राबाई गेल्या, त्यांची बायको. काका तेव्हा छातीच्या ऑपरेशननंतर खाटेवर होते. जाता आलं नाही. हे त्यांना फार लागलं होतं. काकूंनी त्यांना तेव्हापासून वरवटच्या वाटेवरचा घाट उतरायची बंदी घातलेली.

सुभद्राबाईंचा एकच फोटो पुंडलिकरावांकडे उरला होता, रेशनकार्डासाठी काढलेला. त्यात त्या फोटोग्राफरवर रागावलेल्या दिसतात. "ते अशी नोती कधी," पुंडलिकराव फोनवर काकांना म्हणाले. "हासल्याबिगर दोन मिंट राहे नाही. तुह्यापाशी ते लगन हाय ना रे? एकडाव चालता-बोलताना पाहाचं होतं तिले."

काकांकडे मूळ कॅसेट होती. त्यांनी माळ्यावरून ती काढली, जुना व्हीसीआर दुरुस्त केला आणि महिनाभर खपून ते लग्न कॉम्प्युटरात उतरवलं. तीन तासांची एकच फाईल, अवाढव्य. मी म्हटलं, लहान करून देते. "लहान केली का चेहरे पुसते," काका म्हणाले. म्हटलं, मग तुकडे करू. "लगन काय तुकड्यायनं लागते का?"

दिवस मात्र मोजके होते. दिवाळी झाली की पुंडलिकरावांचा मुलगा त्यांना नाशिकला नेणार होता. वरवटच्या घराला कुलूप, इंटरनेट बंद, कॉम्प्युटर भाच्याला. नाशिकला मुलाच्या घरी कॉम्प्युटर होता, पण तो त्याच्या कंपनीचा, त्याला हात लावायचा नाही. तेव्हा लग्न जायला हवं होतं ते दिवाळीच्या आत आणि घरून घरी.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठला पहिला प्रयत्न झाला. त्या दिवसापासून आमच्या घरी घड्याळाची गरज उरली नाही.

"रामराम, पुंडलिक. पत्ता सांग आजचा."

पुंडलिकराव आकडे सांगायचे, काका ते मोठ्यानं म्हणत टाकायचे, त्यामुळे आमच्या भाजीवालीलाही वरवटचा त्या दिवसाचा पत्ता माहीत असे. मग "सोडली!" अशी आरोळी. फाईल जायला पाच तास लागत. फोन स्पीकरवर टेबलावर ठेवलेला. दर टक्क्याला हजेरी.

"बारा."

"इकडं बी बारा."

"सोयाबीन काढलं का?"

"काढलं. तेरा झाले, पाह्य."

असं ते लग्न रेंगाळत पुढे जायचं. चाळिशीत काकू चहा आणायच्या, तिकडे पुंडलिकरावांच्या कपाचाही आवाज यायचा. साठीत दोघांच्या गुडघ्यांचा विषय निघायचा. सत्तरीत जुने साहेब. ऐंशी गाठली की मात्र काका उठून उभे राहायचे, खुर्चीच्या पाठीला धरून. आणि नव्वदी ओलांडली की सगळं कोसळायचं.

"गेली ना बे भाऊ!" पुंडलिकरावांचा आवाज. "चौऱ्यान्नववर गेली!"

"काय झालं?"

"गायीनं वायर खाल्ली."

दुसऱ्या दिवशी वीज गेली. तिसऱ्या दिवशी उंदीर. मग शेजारच्याच्या ट्रॅक्टरची ट्रॉली लागली. मग वानर आलं. वानर त्या घराला फारच लागलं असावं, कारण पुढे ते एक दिवसाआड यायला लागलं. काका प्रत्येक वेळी समजुतीनं म्हणायचे, "जाऊ दे. उद्या पाहू." आणि दुसऱ्या दिवशी शून्यापासून सुरुवात.

हे शून्यापासूनचं मला बघवेना. एक दिवस मी जाऊन प्रोग्रॅम उघडून पाहिला. त्यात तुटल्या जागेपासून पुढे पाठवायची सोय होती, काकांनी ती बंद करून ठेवलेली!

"काका, हे चालू करा. उद्या फक्त सहा टक्के जायचे राहतील."

"जोड आला का खरखर येते," काका म्हणाले. "तीस वर्स तारा जोडल्या मी. जोडाची तार कधी मूळ तारेवानी वाजत नाही. हे लगन बिनाजोडाचं गेलं पाह्यजे."

विज्ञानाच्या शिक्षिकेनं यावर काय बोलावं? मी त्यांना आकडे म्हणजे काय, तार म्हणजे काय, हे अर्धा तास समजावलं. ते मन लावून ऐकत होते आणि शेवटी म्हणाले, "तुव्हं बी बरोबर हाय." सोय बंद ती बंदच.

मग मी पेनड्राईव्हचा विषय काढला. वरवटकडे जाणारं कोणी ना कोणी भेटेलच, त्याच्याजवळ देऊ. काका ताडकन उठले. इतके चिडलेले मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"पुंडलिकची बायको मी कोनाच्या खिशात घालून पाठवू?"

मी विषय सोडला. पण दिवाळी दहा दिवसांवर आली होती आणि माझं डोकं भणभणायला लागलं होतं. मला सुभद्राबाईंचा तो रागावलेला फोटो आठवायचा. बरं, मी तो पाहिलेलाही नव्हता.

त्याच आठवड्यात संग्रामपूरला शिक्षकांचं दोन दिवसांचं प्रशिक्षण निघालं. वरवट तिथून जवळच. मी काकूंना भिंतीशी बोलावून हळूच विचारलं. काकूंनी मागचापुढचा विचार केला नाही.

"घेऊन जाय बाई. दहा-बारा दिवस झाले, माह्या घरात रोज लगन लागते आन रोज मोडते."

दुसऱ्या दिवशी काका दुधाला गेले, तेवढ्यात आम्ही दोघींनी ते लग्न एका डिस्कमध्ये उतरवून घेतलं. मला चोरी केल्यासारखं वाटत होतं, पण चांगल्या कामासाठी चाललोय असा एक ताठाही होता. बोथ्याचा घाट उतरताना मी पर्स घट्ट धरून बसले होते.

प्रशिक्षणाच्या दुसऱ्या दिवशी अकराच्या पुढचं सत्र मी दुसऱ्या बाईंवर सोपवलं आणि वरवट गाठलं. ढग्यांचं घर लगेच सापडलं. दाराशी गेले तर आतून तायडेकाकांचा आवाज, "एक्क्यान्नव!" क्षणभर वाटलं, आपल्याआधी हे पोचले की काय. मग टेबलावरचा फोन दिसला. टेबलाशी एक उंच, वाळका म्हातारा बसला होता, धोतर, वर स्वेटर. त्यानं माझ्याकडे पाहिलं, ओठांवर बोट ठेवलं आणि स्टुलाकडे हात केला. मी बसले.

"इकडं बी एक्क्यान्नव," पुंडलिकराव म्हणाले. एक्स्चेंजमध्ये फोनवर ऐकलेला तोच खर्ज, चाळीस वर्षांनंतर. "गोळी घेतली का बीपीची?"

"घेतली. ब्यान्नव."

असं त्र्याण्णव झालं. चौऱ्याण्णव झालं. मी पडद्याकडे बघत होते. तेवढ्यात पुंडलिकराव टेबलाखाली वाकले, सवयीच्या अंगठ्यानं डब्याची वायर काढली, तिला हातात धरून मनात पाचपर्यंत मोजलं असावं आणि मग फोनकडे तोंड करून ओरडले, "गेली ना बे भाऊ!"

"काय झालं?"

"वान्नेर!"

मी दाराबाहेर पाहिलं. अंगणात एक कोंबडी होती, ती पण निघून चालली होती.

"वान्नेराले मारू नको," फोनमधून काका म्हणाले. "उद्या पाहू. जेवून घे आता."

"हाव. तूबी जेव."

फोन बंद झाला. मी स्टुलावरून उठले. राग आला होता, खरं सांगायचं तर. तिकडे एक हृदयाचा पेशंट रोज पाच तास बसतो, शेवटी खुर्चीची पाठ धरून उभा राहतो आणि हा इथे वायरी काढतोय! मी ओळख सांगितली आणि डिस्क टेबलावर ठेवली.

"बेबी ना तू?" ते म्हणाले. "एक्चेंजमंदी बोलली होती माह्यासंग."

ते आत गेले, माझ्यासाठी पाणी घेऊन आले. घर स्वच्छ होतं. ओट्यावर एकच ताट, एकच वाटी. मग समोर बसून ते सांगायला लागले, माझ्याकडे न बघता.

"पोरगं चांगलं हाय माहं. आठोड्यातून फोन करते. 'बरे आहा ना?' 'बरा हाव.' झालं. आन हा पाच-पाच घंटे बसते माह्यासंग. फाईल पुरी झाली का मंग त्यानं कायच्यासाठी बसाव?"

"पण काका, तुम्हाला त्यांना पाहायचं होतं ना?"

त्यांनी वाकून डब्याची वायर पुन्हा जागेवर खोचली.

"पाहाचं त हायेच. पन या घरात एकटा पाहू? ते चालन, बोलन. काही इचारन. सवयीनं माह्या तोंडून उत्तर निंगन, आन आयकाले घरात कोनी नाही. मले भेव लागते बाई त्या गोष्टीचं."

त्यांनी डिस्क उचलून माझ्या हातात परत दिली. "घेऊन जाय. आन त्याले सांगू नको. लय साधा हाय तो, रोज वान्नेर खरं मानते."

बुलढाण्याला परतताना मी ठरवलं, की आपण काही पाहिलंच नाही. घरी पोचले तर काका भिंतीशी उभे. माझी वाटच बघत असावेत.

"गेल्ती ना वरवटले?"

काकूंकडे बघितलं तर त्या तुळशीशी उगाच काहीतरी करत होत्या.

"काढली ना त्यानं वायर?" काका म्हणाले.

मी पर्सची चेन उघडून परत लावली.

"लाईनमन हावो मी, बेबी. तार तुटली आन तार काढली, याच्यातला फरक मले नाही समजनार? तुटते ते कधीबी तुटते. त्याचं वान्नेर बरोबर चौऱ्यान्नवले येते. दोन-तीन दिवसातच समजलं मले."

"मग तुम्ही ते तुटल्या जागेपासून पाठवायचं चालू का नाही केलं? जोडाची खरखर?"

"खरखर तांब्याच्या तारेले येते. याच्यात कायची खरखर?" काका हसले. "त्याले बोलाचं असते. मलेबी असते. रिटायर झाल्यावर मले सकाळी आठले कोन इचारते? हे तुही काकू इचारते, पन ते दूध आनलं का म्हनून."

मला त्यांना तिथेच मिठी मारावीशी वाटली, पण मध्ये भिंत होती आणि आमच्याकडे तशी पद्धतही नाही. मी नको म्हणता म्हणता पुंडलिकरावांचं दुसरं बोलणंही सांगून टाकलं. एकट्यानं पाहायची भीती वाटते, उत्तर निघालं तर ऐकायला कोणी नाही, ते सगळं. हे मात्र काकांना ठाऊक नव्हतं. त्यांचं हसू गेलं. भिंतीवरची वाळलेली पानं त्यांनी एकेक करून खाली टाकली.

"असं म्हने का तो," एवढंच म्हणाले आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजले आणि आरोळी आली नाही. साडेआठ झाले. मला भीती वाटली, छातीचा पेशंट, काही झालं तर नाही? मी भिंतीशी धावले. काकू अंगणात खुर्ची टाकून बसल्या होत्या.

"पयल्याच यष्टीनं गेले," त्या म्हणाल्या. "मी म्हनलं, घाट हाय, डॉक्टर नाही म्हनते. आयकते का ते? इस्त्रीचा सदरा घातला, ते लगन शर्टाच्या खिशात ठेवलं आन निंगाले. गोळ्या मीच टाकल्या दुसऱ्या खिशात. टाकाव्या त लागतेच."

शाळेत माझं लक्ष नव्हतं. नववीच्या वर्गात एकच आकृती दोनदा काढली. मधल्या सुट्टीत फोन वाजला. काका.

"बेबी, तुही काकू फोन उचलून नाही राह्यली. तिले सांग, मी आज येत नाही. इकडंच मुक्काम हाय."

"तुम्ही बरे आहात ना? घाटात त्रास झाला का?"

"बरा हाव. मले काय धाड भरली?"

त्यांच्या मागे बँड वाजत होता. सनईचा सूर थोडा हललेला, जुन्या कॅसेटवर असतो तसा. माणसांचा गलका, कोणीतरी अक्षता मागत होतं. काका "थांब" म्हणाले आणि फोन तसाच हातात धरून राहिले असावेत, कारण मला सगळं ऐकू येत होतं. गलक्यातून एका बाईचा आवाज जवळ आला, अगदी कॅमेऱ्यासमोर, हसू आवरत बोलणारा.

"भाऊ, तुम्ही जेवले का? कवाचे ते डब्बं डोयाले लावून उभे हा!"

मी शाळेच्या व्हरांड्यात फोन कानाला लावून उभी होते आणि मला रडू येत होतं. पलीकडे थोडा वेळ नुसता बँड वाजत राहिला. मग पुंडलिकरावांचा तो खर्ज.

"जेवला वं, जेवला. आत्ताच जेवला माह्यासंग. हे काय, बाजूले बसला."